ताटातलं नाव

या सदरातले अनुभव मी वाचते ते त्यातल्या फटी शोधायला. कुणाला सावली दिसली की मी आधी विचारते, दिवा कुठे होता? तीस वर्षं लॅबमध्ये रक्ताच्या काचपट्ट्या तपासल्यात मी... नुसत्या ‘दिसलं’ या शब्दावर माझा विश्वास बसत नाही. दृष्ट, संचार, बाहेरची बाधा – सासरी-माहेरी सगळ्यांशी यावरून भांडून झालंय. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच थोडी लाज वाटतेय. पण नवरा म्हणाला, “लिही एकदाचं. निदान दुसरं कोणीतरी फट शोधेल.”

तर, १९८७ सालचा सप्टेंबर. आम्ही रेडमंडला राहत होतो, सिॲटलच्या जवळ. सुधीर सॉफ्टवेअरमध्ये, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नुकतीच लागलेली. लग्नाला पावणेदोन वर्षं झाली होती. आल्प्समध्ये सायकलवरून भटकायचं असं आमचं ठरलं होतं, नकाशेसुद्धा आणले होते. पण आपला पासपोर्ट, दर देशाचा वेगळा व्हिसा, आणि परत येताना अमेरिकेनेच आत घेतलं नाही तर? शेवटी सुधीर म्हणाला, “कॅन्सल करू यार. ओरिजिनल नाही तर कॉपी बघू.”

ही कॉपी म्हणजे कॅस्केड डोंगर ओलांडल्यावर दरीत लागणारं एक गाव. मूळचं लाकूडतोड्यांचं, टुरिस्ट यावेत म्हणून सगळ्याला जर्मन मुखवटा चढवलेला. बँकेलासुद्धा उतरतं छप्पर आणि खिडकीत लाल फुलं! लेबर डेच्या सोमवारच्या सुट्टीमुळे लाँग वीकेंड होता. गाडीमागे दोन सायकली बांधून आम्ही शनिवारी दुपारी पोचलो. गावाबाहेर पेअरच्या बागेत डोरिस नावाच्या सत्तरीच्या बाईंचं घर होतं. वरची खोली त्या पाहुण्यांना देत. सुधीरने पेपरातली जाहिरात बघून फोन केला होता.

आम्ही सायकली उतरवत होतो, तेवढ्यात डोरिस एप्रनला हात पुसत बाहेर आल्या आणि मला मिठीच मारली.

“मदुरा! आलीस तर परत. अशी रोडावलीस का गं?”

मी सुधीरकडे बघितलं. त्याचा हात सायकलच्या पट्ट्यावर तसाच थांबला होता.

आता हे नाव काय ते सांगायला हवं. माझं नाव शैला. नागपूरला आमच्या लग्नात, पद्धतीप्रमाणे, ताटात तांदूळ पसरून सुधीरने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं – मधुरा. त्याने स्वतः निवडलेलं. नाव बदलणार नाही हे मी आधीच सांगितलं होतं, आणि तरीही ते ताट समोर आलं. मी काय केलं असेल? सगळ्या मांडवासमोर त्या तांदळांवरून हात फिरवला आणि नाव मोडून टाकलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. सुधीर एवढंच म्हणाला, “ठीक आहे, शैला.” त्यानंतर ते नाव घरात कुणी उच्चारलं नाही.

आणखी एक गोष्ट होती. लग्नाआधी माझ्या बाबांना एक निनावी पत्र आलं होतं – मुलाचं तिकडे जमलेलं आहे, मुलगी देऊ नका. बाबांनी ते फाडलं. मी मात्र फाडण्याआधी वाचलं होतं.

डोरिसच्या अंगणात मला सगळा हिशेब लागला. गोऱ्या म्हाताऱ्या बाईला आपण सगळ्या सारख्याच दिसतो. म्हणजे सुधीर इथे कुणा मधुराला घेऊन आला होता. आणि त्याच मधुराचं नाव मला चिकटवायला निघाला होता! मला हसत हसत जिना चढावा लागला, कारण डोरिस मागून उशा घेऊन येत होत्या.

“मागच्या सप्टेंबरात हीच खोली होती तुमची,” त्या म्हणाल्या.

मागच्या सप्टेंबरात बाबा आजारी होते. मी दोन महिने नागपूरला होते आणि सुधीर इथे एकटा.

रविवारी आम्ही तळ्याकडे जाणारा चढाचा रस्ता धरला. मी पुढे, तो मागे. एरवी मी चढावर मागे पडते, पण रागात पाय कसे चालतात बघा... पाचेक मैलांवर माझी चेन उतरली. त्याने गाठलं, खाली बसून चेन चढवली आणि वर न बघता म्हणाला, “शैला, मी इथे कधीच आलेलो नाही. आय स्वेअर.”

“मग तिला नाव कसं माहीत?”

“मला खरंच माहीत नाही.”

“मधुरा कोण आहे?”

“कोणी नाही. मला नाव आवडायचं. लहानपणापासून ठरवलं होतं, बायकोचं ठेवायचं म्हणून.” त्याच्या बोटांना काळं ग्रीस लागलं होतं आणि चेहरा रडवेला झाला होता. मला तेही नाटक वाटलं. मी म्हटलं, “मी जानेवारीत परत जाते नागपूरला. तू बोलव तिला.” हे मी नुसतं चिडून म्हटलं नव्हतं. परतीच्या उतारावर मी मनात सामानाची यादी करत होते.

सोमवारी सकाळी निघताना डोरिसनी मला थांबवलं. त्यांच्या हातात चिनी मातीची बशी होती. बशीत तांदूळ आणि मधोमध एक पेअर.

“नारळ इथे मिळत नाही. कुठलंही अखंड फळ चालतं म्हणाली होतीस ना?”

मी जॅकेटचा घोळ पुढे केला. काय करणार? त्यांनी ओंजळीने पाचदा तांदूळ घातले, मग पेअर ठेवलं, आणि रिकामी बशी तशीच धरून थांबल्या. मला क्षणभर कळलं नाही. मग हात आपोआप गेला आणि ओटीतले चार दाणे मी परत बशीत टाकले. डोरिस समाधानाने हसल्या. हे चार दाणे परत टाकायचे असतात हे पुस्तकात वाचून कळत नाही. कुणीतरी शिकवलं होतं त्यांना, नीट.

“सही कर,” म्हणून त्यांनी पाहुण्यांची वही पुढे केली. मागच्या वर्षीचं पान त्यांनीच काढून दिलं. मराठीत लिहिलं होतं – ‘तुमच्याकडे माहेरी आल्यासारखं वाटलं. सौ. मधुरा सुधीर.’

मला एवढा संताप आला की त्याच पानावर, त्याच ओळीखाली, मी ठसठशीत लिहिलं – ‘आम्ही इथे प्रथमच आलो. शैला.’ आणि मग मी ते पान बघितलं.

मी शब्दाशब्दावर वेगळी शिरोरेघ देत नाही. अख्खी ओळ लिहून झाली की वरून एकच लांब रेघ ओढते, शब्दांमधल्या जागाही झाकून टाकते. शाळेत यासाठी छड्या खाल्ल्यात. खालच्या ओळीवर तशी रेघ होती. वरच्या ओळीवरही तशीच होती. अक्षर तेच होतं, शेवटी रेघ जराशी वर जाते तीसुद्धा.

डोरिस दारात म्हणाल्या, “मागच्या वेळी तू जास्त हसत होतीस.”

खरं सांगू? रेडमंडला परतल्यावरसुद्धा मी संशयच धरून बसले. नवरा बाहेरख्याली आहे यावर विश्वास ठेवणं मला ते अक्षर माझं आहे असं मानण्यापेक्षा सोपं होतं. आमच्या ओळखीच्या, तिथेच राहणाऱ्या पाटणकर काकूंकडे मी गेले, आडून आडून विचारलं. काकू म्हणाल्या, “अगं, गेल्या सप्टेंबरात प्रत्येक शनिवार-रविवार आमच्याकडेच तर जेवायला होता. लेबर डेला काकांबरोबर मागचा लाकडी डेक रंगवला त्याने. तुझं पत्र आलं की दोनदा वाचायचा.” त्यांनी डेकवरचा फोटोही दाखवला, हातात ब्रश, नाकाला रंग.

मी जानेवारीत गेले नाही. पण सुधीरची माफीही मागितली नाही, कितीतरी वर्षं. त्याच्यावरचा संशय गेला आणि त्या जागी दुसरा आला, तो जास्त वाईट होता. ताटातलं नाव ज्या बाईने मोडलं नाही, जी जास्त हसायची, ती त्याला जास्त आवडली असती का? हे मी त्याला कधी विचारलं नाही. पुढे आम्ही डोरिसना पत्र टाकलं, ते परत आलं. घर विकलं गेलं होतं.

आता हे आजच का लिहितेय... गेल्या महिन्यात मी ओट्याशी गवार मोडत होते. सुधीर गॅरेजमधून ओरडला, “मधुरा, सायकलचा पंप कुठे ठेवलास गं?”

“मागच्या कपाटात, खालच्या फळीवर,” मी म्हटलं.

पंप तिथेच होता. थोड्या वेळाने तो पंप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याने मला त्या नावाने एकदाही हाक मारली नव्हती. “सॉरी,” तो म्हणाला, “कसं आलं तोंडात, कळलंच नाही.” मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि माफी मागितली, त्या चढावरच्या बोलण्याची. तो रडला, मीही रडले.

त्याच्या तोंडून ते नाव निघालं, यात मी फट शोधू शकते. वय झालं, मनात राहून गेलेलं वर आलं. पण मी ओ दिली. मान वर न करता, गवार मोडता मोडता, सवयीने.