पायाळूची लाथ

दिवस मावळला की चिंचेखाली तो खुर्ची टाकून बसायचा आणि कुस्तीआधी पैलवान चोळतो तसं उजव्या पायाला तेल चोळायचा. तो जन्मताना पायाकडून बाहेर आला, म्हणून पायाळू. पायाळूने कंबरेत लाथ घातली की दुखणं पळतं, असा आमच्याकडे समज. आईला मरणकळा दिल्या, एवढीच याची डॉक्टरकी!

माझा कंबरेचा मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, झटका अजिबात नको, सांगितलेले व्यायाम तेवढे रोज करा. तरी मावशीने मला तिथं ओढत नेलं.

"सरकला? मंग आत्ता जाग्यावर बसवतो. वाका," तो म्हणाला.

पुढे सरकलेल्या मणक्याला हा शहाणा मागून लाथ घालणार होता! मी वाकलो नाही. विचारलं, "तुमची कंबर दुखली तं कोण लाथ मारते?"

"माह्या घरात दुसरं कोणी पायाळू नाई ना," तो अगदी सरळपणे म्हणाला. "मी आपला डाक्टरकडं जातो."

मी हसत मावशीकडे वळलो. ती माझ्या जागी वाकून उभी होती.