प्रात्यक्षिकासाठी नेमलेला हात

चंद्रपूरच्या दवाखान्यामागच्या आवारात कालवड पडली होती. पहाटेच मेलेली. भोवती आम्ही सगळे पशुवैद्यक. गळ्यात ओळखपत्रं, नाकावर रुमाल. सकाळभर गार सभागृहात व्याख्यानं झाली होती. आता शवविच्छेदनाचं प्रात्यक्षिक.

आयोजक आमचे ज्येष्ठ सर. त्यांनी कुणाला शोधलं नाही. सरळ माझ्याकडे हात केला.

"धानोऱ्याचे डॉक्टर, या. यायले का शिकवाचं हो? यायच्या तं रक्तातच आहे!"

सगळे हसले.

मीही हसलो.

त्यांच्या बोलण्यापेक्षा माझं ते हसणं मला जास्त टोचतं.

माझे आजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. हौस नव्हती. गावानं ते काम आमच्या वस्तीला नेमून दिलं होतं. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी ते सोडलं. गावानं मजुरी बंद केली, तरी पुन्हा हात लावला नाही. त्यांचा नातू मी. पदवी घेतलेला, सरकारी नोकरीतला. आणि दर प्रशिक्षणात मेलेलं जनावर माझ्यापुढे.

संशय मला आधीपासून होता. पण मी त्याचं तोंड दाबत आलो. आपला हात चांगला आहे म्हणून बोलावतात, असं घरी सांगायचो. बायको विचारायची, "मंग भाषणाले काऊन नाई बोलावत?" मी म्हणायचो, जेवायला वाढ.

वाघानं मारलेली गुरं या जंगलपट्ट्यात सगळेच डॉक्टर तपासतात. सगळ्यांचाच हात बसलेला. मग बोट माझ्याकडेच का? या वेळी तर वासरांच्या मरतुकीवर बोलायला मी आधीच वेळ मागितला होता. सर म्हणाले होते, "बघू."

मी हातमोजे चढवले. शेजारी मुलचेऱ्याच्या डॉक्टर बाई उभ्या होत्या. आमच्याच समाजाच्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुमी काऊन हसले?"

"मजाक होता तो."

"तुमी रिटायर झाल्यावर हा मजाक मले झेलाचा आहे."

मी हातमोजे काढले.

"सर, आज मी कापणार नाही."

"अरे! मनाला लावून घेतलं? तुमचं कौतुक करून राह्यलो मी."

"माझ्या रक्तात हे आहे, तर बाकीच्यांच्या रक्तात काय आहे तेही सांगा."

आता कुणी हसलं नाही. माझ्या बाजूनंही कुणी बोललं नाही. सर आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टर, कार्यक्रम बिघडवू नका. वरून विचारणा होईल."

"होऊ द्या. तुमचं वाक्य जसंच्या तसं लिहून देईन."

शेवटी त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरला खूण केली. माझ्यासोबत शिकलेला, माझ्याच पदावरचा माणूस. माझ्याजवळून जाताना तो चिडून म्हणाला, "आता तुमचं काम आमी कराचं का?"

तुमचं काम. दोघांची पदवी एकच होती. इतकी वर्षं मी ज्याला नुसता संशय म्हणत होतो, ते त्यानं दोन शब्दांत सांगून टाकलं.

मेलेलं जनावर उघडण्यात कमीपणा नाही. धानोऱ्यात कुणाची गाय मेली तर मी चिखलात बसून ती तपासतो. मरणाचं कारण कळलं की गोठ्यातली उरलेली जनावरं वाचतात. ते डॉक्टरचं काम आहे. कमीपणा ते काम एकाच वस्तीच्या माणसाला नेमून देण्यात आहे. ही नेमणूक मी हसून मान्य करत आलो. माझ्यामुळे ती त्या बाईंपर्यंत पोचली असती. हा दोष माझा आहे. तो मी दुसऱ्या कुणावर टाकणार नाही.

पुढच्या प्रशिक्षणाचं बोलावणं कदाचित येणार नाही. तरी मी जाणार. व्याख्यानाची वेळ पुन्हा मागणार. नाही दिली, तर भर सभागृहात उभा राहून कारण विचारणार. आणि कारण मिळेपर्यंत खाली बसणार नाही.