मागच्या गादीवरचा आवाज

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. घरात नाही, दुकानात नाही, देवापुढे उभा राहिलो तेव्हाही नाही. आता लढाईमुळे पेट्रोल कुपनावर झालं आहे, अमरावतीतल्या निम्म्या मोटारी घरीच उभ्या असतात आणि माझ्या दुकानात बसून राहण्याशिवाय काम नाही. बसलं की तेच आठवतं. कंटाळा आला आहे ते एकट्यानं आठवण्याचा.

मी मोटारींचा मिस्त्री. लोक म्हणत, याला पाना लागत नाही, कान पुरतो. अकोल्याहून गाड्या यायच्या माझ्याकडे, नुसता आवाज ओळखायला. माझी रीत ठरलेली. गाडी उभी ठेवून इंजिन ऐकायचं. मग क्लच दाबायचा — आवाज थांबला तर दोष गिअरच्या पेटीत. मग बडनेरा रस्त्यावरच्या उतारावर गिअर काढून गाडी सोडायची — तरी आवाज राहिला तर दोष मागच्या आसात, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्यात. क्रम कधी चुकवला नाही. क्रमाबाहेर कधी गेलो नाही, असंही म्हणता येईल.

दादासाहेब माझं जुनं गिऱ्हाईक. शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग, घर अमरावतीत, गाडी स्वतः चालवायचे. मागच्या गादीला पडदे. तिथं त्यांच्या पत्नी, बाईसाहेब, बसायच्या, घरच्या बायका बसायच्या. एकदा ते गाडी घेऊन आले आणि जरा ओशाळूनच म्हणाले, "मिस्त्री, आमच्या घरची म्हणते, चढावर गाडी मांगून कण्हून राहिली. मले त काई आयकू आलं नाई. ते म्हणते, मिस्त्रीले मांगं बसून आयकू द्या."

मागं बसून? बाईमाणसाच्या जागेवर, पडद्याआड, ग्रीसच्या कपड्यांनी? आणि कुठं बसून ऐकायचं हे मला पडद्यामागून कुणी सांगायचं? — दोन्ही कारणं होती. पहिलं मी स्वतःला सांगितलं. खरं दुसरं होतं.

मी पुढं बसलो. क्रमानं सगळं ऐकलं. उतारावर गाडी सोडली. चढावर नेलीच नाही. आवाज नव्हता. दुकानात परत आलो तेव्हा चार माणसं उभी होती, म्हणून जरा मोठ्यानंच म्हणालो, "गाडी ठणठणीत हाय, दादासाहेब. बाईसाहेबाच्या कानात तेल टाका."

सगळे हसले. दादासाहेबही हसले, आणि तो विनोद घरी घेऊन गेले.

विनोद किती दिवस टिकतो? मला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत. पुढं दादासाहेब आले की त्यांच्या बोलण्यातून कळत गेलं. बाई म्हणाल्या, गोठ्यात वासरू हंबरतंय — कानात तेल टाका. बाई म्हणाल्या, मागचं दार कुणी वाजवतंय — कानात तेल टाका. पोरं म्हणू लागली, मग जाऊबाई. बाईंनी त्या गाडीत बसणं सोडलं, तेव्हा घरानं ठरवलं की त्यांच्या डोक्यातच काही बिघडलं आहे. एके दिवशी दादासाहेब सहज बोलून गेले, "तिले काय काय आयकू येते म्हणून राहिली. कोठीच्या किल्ल्या आता वयनीपाशी देल्ल्या म्या."

किल्ल्या. ज्या घरात बाईच्या कमरेला किल्ल्या, त्या घरात तिचा शब्द. हे मला कळत होतं. मी बोल्ट पिळत राहिलो.

पावसाळा संपता संपता तीच गाडी पुन्हा आली. मागच्या आसातून तेल गळत होतं. दादासाहेब वकिलाकडे गेले आणि मी आसाची पेटी उघडली. आतल्या दातेरी चाकाचे दात झिजलेले, एकाचा कोपरा उडालेला. तुटलेली कड हाताला गुळगुळीत लागली. नवी मोड खरखरीत असते. ही मोड जुनी होती — त्या दिवशीही होती. चढावर इंजिन ओढ घेतं तेव्हाच असे दात कण्हतात, आणि मागं बसणाऱ्याच्या थेट खाली कण्हतात. दुसऱ्या कुणाला ऐकू कसं येणार?

मी चाक बदललं. जुनं भंगारात टाकलं आणि वर रिकामा डबा ठेवला.

दादासाहेबांनी परत आल्यावर विचारलं, "मंग, थो आवाज?" किती सोपं होतं. एक वाक्य. मी म्हणालो, "आवाज कधी नव्हताच. तेल गळे, थे बंद केलं."

पुढं चांदूर रेल्वेच्या एका लग्नाला जाताना गाडी दुकानापुढे हवा भरायला थांबली. बाईसाहेबांना आग्रहानं आणलेलं दिसत होतं. पडदा थोडा सरला. "मिस्त्री," त्या हळू म्हणाल्या, "आता कण्हत नाई गाडी. काय काढलं तुमी आतून?"

दादासाहेब पुढच्या गादीवर, मान वळवून. माझ्याकडे बघत.

"काईच नाई, बाईसाहेब."

"बरं," त्या म्हणाल्या. पडदा लागला.

बाईसाहेब वारल्या त्याला आता बराच काळ झाला. किल्ल्या परत त्यांच्याकडे आल्याचं मी ऐकलं नाही.

गाडी मागून कण्हत होती. चढावर कण्हत होती. बाईसाहेबांनी बरोबर ऐकलं होतं. हे त्या दिवशी, पडदा उघडा असताना, दादासाहेबांसमोर म्हणायचं होतं. मी ते आज म्हणतो आहे, आणि मागच्या गादीवर कुणी नाही.