ग्लास वाढला

गेल्या रविवारी देवळीला गेले होते, आईकडे. पिशवीत जुने पेपर आणि डोक्यात एकच खूळ... आईची काचेची भांडी नीट लावून द्यायची.

मला या कामाची भारी हौस. घरचे सगळे हे जाणतात आणि लांब पळतात. ग्लासात ग्लास घालायचा नाही, ओला तर मुळीच नाही. पालथा ठेवायचा नाही, कारण काठच सगळ्यात नाजूक असतो... वर्ध्याला माझ्या स्वयंपाकघरात यावरून अबोले झालेत.

आईकडे सगळं उलट. ग्लास वरच्या फळीवर, पालथे, तिचा हात जेमतेम पोचेल असे. बाबांना जाऊन चार महिने झाले, तेव्हापासून तिचे हात थरथरतात. म्हटलं, सगळं खालच्या फळीवर आणू.

आमच्या घरी काच कधी 'फुटत' नसे, हे आधी सांगायला हवं. बांगडी पिचली की ती 'वाढली' म्हणायचं, हे सगळ्यांकडेच. 'फोडली' हा शब्द बाईच्या आयुष्यात एकाच दिवसासाठी राखून ठेवलेला असतो... आई हा नियम ग्लासांनाही लावायची. कप वाढला, बरणी वाढली. बाबा हसायचे, "ग्लास वाढून राह्यले अन् फळीवर कमी होऊन राह्यले, हे कसं काय वं?"

निळ्या फुलांच्या सहा ग्लासांच्या सेटमधले असे चार वाढले होते. उरले दोन. एक बाबांचा, एक तिचा. दुपारचा चहा दोघं त्यातच घ्यायचे.

ते दोन मला फळीच्या कोपऱ्यात सापडले. तिचा बाबांच्या ग्लासात घट्ट अडकलेला. तेरवीच्या गडबडीत कुणीतरी ओलेच एकात एक घातले असणार.

"राहू दे वं ते," आई म्हणाली. मी ऐकलं नाही. मला उपाय माहीत होता ना... आतल्या ग्लासात गार पाणी घालायचं, बाहेरचा कोमट पाण्यात धरायचा. आपोआप सुटतात. फक्त पाणी कोमट हवं, आणि माझ्या घाईत ते चांगलंच कढत झालं होतं.

टच्च असा आवाज आला. आईचा ग्लास सुटून माझ्या हातात आला. बाबांचा काठापासून बुडापर्यंत चिरला आणि भांड्यात त्याचे दोन तुकडे पडले.

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "आई, ग्लास वाढला..."

ती ओट्याशी उभी होती. रागावली नाही, रडलीही नाही. नुसती तुकड्यांकडे बघत म्हणाली, "फुटला म्हन. आता काय वाढाचं राह्यलं?"

तो शब्द तिच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तुकडे पेपरात गुंडाळत बसले आणि रडू आवरत राहिले.

चार महिने ते दोन ग्लास तसेच होते. मला वाटलं होतं, तिला सोडवता येत नसतील... तिला ते सोडवायचेच नव्हते, हे डोक्यात शिरलं तेव्हा उशीर झाला होता.

फळी मी लावून दिली. खाली पेपर, ग्लास सरळ, मध्ये बोटभर जागा. तिचा ग्लास हाताशी, सगळ्यात पुढे ठेवला. निघताना तिनं चहा केला... आम्ही दोघींनी तो स्टीलच्या कपातून घेतला.

तुमच्या घरी कुठे दोन ग्लास असे अडकून बसले असतील, तर सोडवण्याआधी घरातल्या माणसाला एकदा विचारा. मला तर विचारावंही लागलं नव्हतं... तिनं आधीच सांगितलं होतं.