कवळीकाकांचं स्वतःचं माप

कवळीकाका दुसऱ्यांचे दात घडवायचे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल. त्यावर प्लास्टरचे जबडे रांगेने मांडलेले आणि काकांच्या ओठांत सिगारेट. तीस वर्षांत त्यांनी कितीतरी म्हाताऱ्यांना पुन्हा चावायला लावलं. स्वतःचं तोंड मात्र कुणापुढे उघडलं नाही. खालचे दोन दात हलत होते, पण रक्ताचा थेंब नाही. "हिरड्या म्हणजे दगड आहेत माझ्या," असं ते छातीठोकपणे सांगायचे.

एकदा तोंडाच्या वासाने बायको कावली. काकांनीही मनावर घेतलं. सोळा दिवस सिगारेटला शिवले नाहीत. सतराव्या दिवशी ब्रश लाल झाला, मग रोजच होऊ लागला.

"बघ," काका म्हणाले, "ओढत होतो तेव्हा रक्त नव्हतं. सोडली आणि आलं. औषधच होतं ते."

पुन्हा पेटवली. रक्त थांबलं. पुरावा पक्का झाला.

दोन वर्षांनी ते दात आपणहून पडले. काका उलट खुशीत आले. आता स्वतःसाठी असे दात बसवायचे की बघणाऱ्याला पत्ता लागू नये. आरशासमोर बसून त्यांनी स्वतःचं माप घेतलं आणि साचा ओतला. सकाळी तो साफ करताना ब्रश थबकला. खालच्या हिरडीच्या आतल्या अंगाला मसुराएवढा उंचवटा. दुसऱ्या कुणाचा साचा असता, तर 'पेशंट तपासा' अशी चिठ्ठी लावून त्यांनी तो लगेच परत धाडला असता. स्वतःच्या साच्याला म्हणाले, मापात बुडबुडा राहिला असेल. नवं माप घेतलं. उंचवटा जागचा हलला नाही.

साचा घेऊन ते पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"कुणाचा आहे, काका?"

"आहे एक ओळखीचा."

"सिगारेट ओढतात?"

"ओढतो. पण हिरड्यांतून रक्त अजिबात येत नाही."

"येत नाही तेच वाईट. धुराने रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून दिसत नाही. आत हिरडी सडतच असते. धुराने कॅन्सर होतोच, त्यात वर्षानुवर्षं हिरड्या सुजलेल्या असतील तर धोका आणखी वाढतो. त्यांना आजच बोलवा."

काका तपासणीच्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी आ केला. बाईंनी दिवा जवळ ओढला.

उंचवट्याचा तुकडा तपासायला गेला. निघाला कॅन्सरच, पण अगदी सुरुवातीचा. जबड्याची कड काढावी लागली. सिगारेट सुटली, ती कायमची.

"नशीब, वेळेत सापडलं," बायको डोळे पुसत म्हणाली.

"नशीब कसलं?" काका बोबड्या जिभेने म्हणाले. "माप चोख होतं."

चार महिन्यांनी कामावर आल्यावर काकांनी स्वतःचे दात करायला घेतले. ते तीनदा दुरुस्त करावे लागले. तीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. काकांचं म्हणणं, कामात काही खोट नव्हती. गिऱ्हाईकच फार कटकट करणारं निघालं.