पावडर टाकायची नाही

मला मराठीत भांडता येत नसे. आमच्या इंग्रजी शाळेत वाद 'एक्सक्यूज मी'ने सुरू व्हायचा, आणि पंचवटीत तेवढा वेळ कोणी थांबत नाही. म्हणून मी बहुधा गप्पच असे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. गोदावरीचा तळ शहरात बराचसा काँक्रीटखाली गेला होता. आमच्या गल्लीच्या घाटाखाली मात्र काळ्या दगडाचा एक पट्टा उघडा राहिला होता आणि त्याच्या फटींत नखाएवढ्या गोगलगायी चिकटून असत. आमचे सर म्हणाले होते, ही जात पूर्वी नदीभर दिसायची. आता शहरात ती एवढ्याच जागी सापडते. त्यानंतर मी रोज वाकून बघायची, आहेत ना.

कार्तिकी पौर्णिमेच्या स्नानाआधी गल्लीचं मंडळ घाट धुतं. शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकायची, घासायचं, सगळं नदीत लोटायचं. ते पाणी थेट त्या दगडांवर उतरणार होतं. त्या वर्षी पावडरचं पोतं उघडायला घेतलं तशी मी पायरीवर वाट अडवून उभी राहिले.

"काका, पावडर टाकू नका. खाली गोगलगायी आहेत. मरतील."

मंडळाचे काका वडिलांच्या ओळखीचे. "अगं बाळा, म्हातारी माणसं घसरून पडतात. गोगलगायीला कुठं स्नानाला यायचंय?"

"ती चोवीस तास पाण्यातच आहे, काका," मागून एक पोरगा म्हणाला. "तिचं पुण्य आपल्यापेक्षा जास्त!"

सगळे हसले. मी पायरीवरून हलले नाही. "शेवाळ निघालं पाहिजे, एवढंच ना? मी घासते. घाण घमेल्यात भरून वर नेते. पावडर नको."

"सगळ्या पायऱ्या?"

"सगळ्या."

काकांनी खराटा पुढे केला, मी घेणार नाही याची खात्री असल्यासारखा. मी घेतला. ओढणी कमरेला बांधली. खराटा ओल्या शेवाळावरून नुसता घसरतो हे पहिल्याच पायरीवर कळलं. मग तारेचा ब्रश मागून घेतला. पोरं कठड्यावर वडापाव खात ओरडत होती, "मॅडम, कोपरा राहिला!" मी तो कोपरा पुन्हा घासला.

शेजारी धुणं धूत असलेल्या मावशी अखेर उठल्या. "काय रे, पंगतीला बसलाय का? उचला ती घमेली!"

पोरं कुरकुरत उतरली.

ऊन कललं तेव्हा काका अनवाणी, टाच दाबून पाहत, शेवटच्या पायरीपर्यंत आले. घसरले नाहीत.

"दरवर्षी घासशील?"

"घासेन. हे पोतं दुकानात परत करा."

"बघू."

"बघू नाही, काका. परत करा."