मशीनला कसलं सुतक?

गाडीचा धूर मोजायला मशीन आहे. मग त्याच गाड्यांमागे बारा वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाच्या छातीत किती धूर गेला, ते मोजायला काय आहे? दादा गेला त्या दिवशी मी डॉक्टरांना हे विचारलं. ते चष्मा पुसत राहिले. मग भेटेल त्याला विचारलं. आणि त्या भरात मी जी माती खाल्ली, ती काय सांगू! तुम्ही आधी चहा खाली ठेवा. ठसका लागेल.

दादाचं राजारामपुरीत पीयूसी केंद्र. म्हणजे एक जुनी व्हॅन, एक कॉम्प्युटर आणि ते मशीन. डिझेल गाडीच्या सायलेन्सरला नळी लावायची आणि ॲक्सिलरेटर दाबायला सांगायचं. धूर मशीनमध्ये जातो. आत एका बाजूला दिवा, समोर काच. धुरानं उजेड जितका अडला, तितकी गाडी घाण. सातवीत शाळा सोडलेल्या मलासुद्धा कळलं! दादानं सख्ख्या मेहुण्याची गाडीही नापास केली होती. तेवढंच त्यानं कमावलेलं नाव, आणि ते आता माझ्या हातात.

महिन्यातच खंडेनवमी आली.

"भावजी, यंदा सण न्हाय करायचा," वहिनी म्हणाल्या.

"घरात न्हाय वो वहिनी. पण मशीनला कसलं सुतक?"

हत्यारांची पूजा दादानं कधी चुकवली नव्हती. मी व्हॅनमधल्या त्याच्या फोटोला हार घातला, उदबत्ती लावली. दादा मशीनच्या झाकणाला हळदकुंकू लावायचा. मला वाटलं, झाकणाला काय कळतंय? जिथून बघतंय तिथं लावावं की! झाकण उघडलं आणि त्या काचेवर चांगलं मूठभर कुंकू माखलं.

पडद्यावर एक इंग्रजी ओळ लुकलुकायला लागली. दसऱ्याच्या शुभेच्छा, दुसरं काय? मी हात जोडून बटण दाबलं.

पहिला टेम्पो नापास. जीप नापास. झेंडूचे हार घालून आलेल्या सात गाड्या मी अकरा वाजेपर्यंत आडव्या केल्या. चेवच चढला!

"माझ्या दादाला तुम्ही मारलं!" सकाळपासून अडून बसलेल्या पहिल्या टेम्पोवाल्यावर मी ओरडलो.

"ओ पावणं, इंजिनचं काम करून म्हैना न्हाय झाला! भाऊ गेला आनि धाकट्यानं दुकान मांडलं व्हय? किती पायजेत, बोल!"

दादाच्या दारात असलं बारा वर्षांत कुणी बोललं नव्हतं. मी पाना उचलला. तेवढ्यात मागून एक मोठी डिझेल गाडी आली. आत कोण? तेच डॉक्टर!

नळी लावली. नापास.

"डॉक्टर, दादाची छाती तुमास्नी मापता आली न्हाय. तुमच्या गाडीची मी मापली. काय राह्यलं न्हाय आता. घरी न्या, पावण्यांना बोलवून घ्या!"

लोक फिदीफिदी हसले. डॉक्टर खाली उतरले, चष्मा लावला, पडद्यावर वाकले.

"हे कधीपासून दिसतंय?"

"सकाळपासनं. शुभेच्छा हायत."

"अरे, काच पुसा म्हणतंय ते!"

त्यांनी झाकण उघडून बोट फिरवलं. बोट लालभडक!

"लेका," टेम्पोवाला बोंबलला, "सकाळपासनं तू कुंकू नापास करतोयस!"

पाना खाली गेला, मान त्याच्याही खाली. रुमालानं काच लख्ख पुसली. डॉक्टरांची गाडी पास. टेम्पो पास. गेलेल्या सगळ्यांना फोन केले, "मशीन बरं हाय, बिघाड माझ्यात हाय, परत या." सगळे आले. एक जीप मात्र पुन्हा नापासच झाली. तीही आमची, मेहुण्याची!

डॉक्टर निघाले तसं मी खिडकीशी जाऊन विचारलं, "आनि त्या छातीचं काय, डॉक्टर?"

त्यांनी काच वर केली.

व्हॅन बंद करताना फोटोकडे लक्ष गेलं. दिवसभराची काजळी बसली होती. म्हटलं, या माणसाच्या तोंडावर आता तरी धूर नको. खिशातून रुमाल काढला आणि कोपऱ्याकोपऱ्यातून नीट पुसलं.

रुमाल तोच, सकाळचा!

दादा कपाळापासून हनुवटीपर्यंत लालबुंद. माझा घोळ निस्तरून झाला की अगदी असाच बघायचा माझ्याकडे.

पुन्हा पुसला नाही. तसाच राहू दिला.